पॅटिओ रंगवण्याआधी

चि. मुक्ता हिस,


परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. मागच्या पॅटिओला पेंट लावू की स्टेन, असं तू विचारलंस, आणि तुझा कल पेंटकडे आहे हे तुझ्या आवाजावरूनच कळत होतं. पेंट शनिवार-रविवारी उरकतो, स्वस्त पडतो, जुने डाग झाकतो, आणि जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येतील तेव्हा सगळं नवंकोरं दिसेल. मुद्दे रास्त आहेत. तरी मी स्टेनच लाव म्हणेन. माझी नोकरी सगळी काँक्रीटच्या कामात गेली, तेव्हा कारणं नीट लिहूनच पाठवते.

रंग कोणता हे शेवटी ठरव, आधी पाण्याचा विचार कर. तुझा पॅटिओ म्हणजे मातीवर ओतलेला स्लॅब. काँक्रीट दिसायला घट्ट, पण आत केसाहून बारीक पोकळ्यांचं जाळं असतं आणि खालच्या मातीतली ओल त्यातून सतत वर चढत असते. घरातल्या स्लॅबखाली निदान प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. पॅटिओखाली बहुतेक तोही नसतो. ओल वर येते आणि उन्हावाऱ्याने उडून जाते. तिची वाट मोकळी असेल तर काही बिघडत नाही.

पेंट ही वाट अडवतो, कारण तो काँक्रीटवर थर धरून बसतो. ओल थराखाली साचते, सोबत आणलेले क्षार तिथेच सोडते. आपल्याकडे जुन्या भिंतींना लोणा लागतो आणि रंग फुगतो, तोच हा प्रकार. त्यात सिमेंट मुरताना चुना तयार होतो, म्हणून काँक्रीट कडक अल्कधर्मी असतं. तेलाचा पेंट लावलास तर त्या चुन्याने तेलाचा अक्षरशः साबण होतो. इपॉक्सी चिकटते चांगली, पण उन्हात पिवळी पडते, तिची पूड निघू लागते. ती गॅरेजसाठी ठीक. आणि या सगळ्यावर तुमचा मिशिगनचा हिवाळा. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे 9 टक्के फुगतं. थराखाली अडकलेलं पाणी एका हिवाळ्यात कितीदा गोठतं आणि वितळतं, तूच बघतेस.

आमच्या शेजारी रंगवलेला पॅटिओ आहे. मार्चअखेर बर्फ गेल्यावर तू तो जवळून बघितला असतास तर माझं म्हणणं पटलं असतं. जिथे खुर्च्या सरकतात आणि जिथे पन्हाळीचं पाणी पडतं, तिथून सुरुवात होते. आधी फोड येतो, मग नाण्याएवढे पोपडे सुटतात. त्यातला एक उचलून मी उलटा केला, तर मागे करड्या सिमेंटची पूड चिकटून आली होती. म्हणजे पेंट नुसता सुटला नव्हता, जाताना काँक्रीटची कातडीही घेऊन गेला होता. आता त्यांना खरवडायचं, धुवायचं, पुन्हा दोन हात द्यायचे, आणि काही वर्षांनी पुन्हा तेच.

स्टेन थर धरत नाही, पोकळ्यांत शिरतो. आपल्या गावाकडच्या घरातला लाल कोबा आठवतो ना? सिमेंटमध्येच लाल ऑक्साइडची पूड घालून थापीने घोटलेला. पिढ्या त्यावर वावरल्या, पण पोपडा कधी निघाला नाही, कारण रंग अंगातच होता. स्टेन तितका खोल जात नाही, जेमतेम मिलिमीटरभर. पण झिजला तरी तो हळूहळू फिका होतो, सोलून निघत नाही. फिक्या झालेल्या जागी आणखी एक हात दिला की भागतं.

स्टेनमध्येही दोन जाती आहेत. ॲसिड स्टेनमध्ये पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि लोह, मँगनीज, तांबे अशा धातूंचे क्षार असतात. त्यांची काँक्रीटमधल्या चुन्याशी प्रक्रिया होऊन रंग तयार होतो, म्हणून दोन पॅटिओ कधी सारखे उतरत नाहीत. फार देखणा प्रकार आहे आणि मला मनापासून आवडतो. पण रंग मातकट, तपकिरी घराण्यातलेच. तांब्याचा निळा-हिरवा मिळतो, मात्र तो बाहेरच्या ओलीत काळवंडू शकतो. शिवाय तुझा स्लॅब घराइतकाच जुना. इतक्या वर्षांच्या पावसाने वरचा चुना बराच धुऊन गेला असेल, मग ॲसिडला धरायला काही उरत नाही. म्हणून तुझ्यासाठी पाण्यातला, आत मुरणारा स्टेन. त्यात तुला हवा तो राखाडीही मिळेल.

दुकानात एक मात्र सांभाळ. डब्यावर मोठ्या अक्षरांत स्टेन लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘सॉलिड कलर’. हा कामाला बहुतांशी पातळ पेंटच. थर धरतो आणि पेंटसारखाच निघतो. ‘सेमी-ट्रान्सपरंट’ आणि ‘पेनिट्रेटिंग’ हे दोन्ही शब्द असलेला डबा घे.

मुरणारा स्टेन काही झाकत नाही, हे आधीच मनाशी ठेव. बार्बेक्यूच्या तेलाचा डाग, भेगेत भरलेलं नवं सिमेंट, सगळं दिसणार. भरलेला भाग तर मूळ स्लॅबपेक्षा वेगळाच रंग घेतो. अर्धा पॅटिओ ठिगळांचा असता, किंवा आधीच्या मालकाने तो रंगवलेला असता, तर पेंटच लाव म्हटलं असतं. चांगला ॲक्रिलिक मेसनरी पेंट, खरवडून, धुऊन, पातळ दोन हातांत. तुझ्या फोटोंत मला एकच लांब भेग दिसली. तेवढी राहू दे.

आणखी एक गोष्ट तुझ्या हिशेबात आली नाही. आज स्टेन लावलास आणि आवडला नाही, तर तो नीट वाळल्यावर, सीलर लावण्याआधी, पेंट लावता येतो. आज पेंट लावलास तर पोकळ्या बुजतात. पुढे स्टेन हवा असेल तर केमिकलने पेंट उतरवावा लागेल किंवा मशीनने घासून काढावा लागेल. बुजल्या पोकळ्या परत पुरत्या उघडतीलच असं नाही.

आई-बाबांचंही बघ. वहिनी अंगणात अनवाणीच फिरणार आणि तिचे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. गडद पेंट जूनच्या दुपारी पायाला चटके देईल, आणि गुळगुळीत थर पावसात घसरेल. तुझ्या स्लॅबला ओतताना ब्रश फिरवून आणलेला खरखरीतपणा आहे, तो स्टेनमध्ये शाबूत राहतो. वरून चकचकीत सीलर लावून तो घालवू नकोस. सिलेन-सिलॉक्सेनचा मुरणारा सीलर घे. थर होत नाही, पाणी आत शिरू देत नाही आणि खालची ओल बाहेर जाऊ देतो. मात्र तो तुझ्या स्टेनवर चालतो ना, हे स्टेनच्या डब्यावर वाचून घे.

आता या आठवड्यात एवढं कर. स्लॅबवर चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाक. लगेच मुरून जागा गडद झाली तर ठीक. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर वर जुना सीलर आहे, आणि तो काढल्याशिवाय स्टेन धरणार नाही. मग पारदर्शक प्लॅस्टिकचा 18 इंची चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटव आणि किमान 16 तास राहू दे. खाली दव धरलं किंवा काँक्रीट काळपट झालं, तर ओल किती वर येते ते तुला तुझ्याच डोळ्यांनी दिसेल. ओलं निघालं तर आणखी काही कोरडे दिवस थांब. धुण्यासाठी प्रेशर वॉशर आणि डिग्रीझर पुरे. कोणी ॲसिडने धू म्हणालं तर ते मनावर घेऊ नकोस, आणि ॲसिड व ब्लीच चुकूनही एकत्र येऊ देऊ नकोस, विषारी क्लोरीन वायू निघतो. मेमध्ये तिकडे रात्री अजून गार असतात. रात्रीचं तापमानही 50 फॅरनहाइटच्या खाली जाणार नाही आणि पुढचे दोन दिवस पाऊस नाही, असं बघूनच हात घाल. आधी गॅस-ग्रिलच्या मागच्या कोपऱ्यात हातभर जागेवर लावून दोन दिवस बघ.

थेंबांचं आणि प्लॅस्टिकचं काय झालं ते कळव, जमल्यास फोटो पाठव. तोपर्यंत एकही डबा विकत आणू नकोस.

तुझी,
आत्या