साडेतीन टनांची जाहिरात आणि घरची माणसं

मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबी, टार्नेट, पॉइंट कुक या पट्ट्यात नोव्हेंबर लागला की घरांपुढे पांढऱ्या कॅरॅव्हॅन दिसायला लागतात. वर्षभर झाकून ठेवलेल्या या चाकांवरच्या घरांची दारं उघडतात, गाद्या उन्हात पडतात, टाक्या धुतल्या जातात. डिसेंबरच्या शेवटी शाळा सुटतात आणि जानेवारीभर निम्मं शहर समुद्राच्या नाहीतर ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांच्या दिशेनं निघतं. आता त्या गर्दीत आपली मराठी माणसंही आहेत. मुलुंड, घाटकोपर, अंधेरीच्या दोन खोल्यांत वाढलेली, मे महिन्यात गावाला जाण्यापलीकडे सुट्टी माहीत नसलेली माणसं. मुंबईहून आलेल्या आई-बाबांना सोबत नेता येतं, सकाळचा चहा आणि पोहे आपल्या हातचे, रात्री-अपरात्री बाथरूमसाठी लांब चालायला नको. मला याचा मनापासून आनंद वाटतो.

काळजी वाटते ती कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या गाडीची. ती निवडताना आपण फार घाई करतो.

इथल्या जाहिरातींत एक आकडा ठळक असतो: 3500 किलो. डबल-कॅब पिकअप, इथल्या भाषेत यूट, किंवा मोठी एसयूव्ही ब्रेक असलेला इतक्या वजनाचा ट्रेलर ओढते, असं कंपनी सांगते. ते खरंही असतं. पण गाडीत कोण बसलंय हे तो आकडा विचारत नाही. त्याचं उत्तर दुसऱ्या दोन आकड्यांत आहे आणि ते जाहिरातीत नसतात, मॅन्युअलमध्ये असतात. एक जीव्हीएम, म्हणजे माणसं, सामान, इंधन आणि ट्रेलरनं हुकवर टाकलेला भार धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. दुसरा जीसीएम, गाडी आणि कॅरॅव्हॅन दोन्ही मिळून.

समजा, टाकी भरलेल्या रिकाम्या यूटचं वजन 2100 किलो आहे, जीव्हीएम 3100 आणि जीसीएम 6000. मागे पूर्ण 3500 किलोची कॅरॅव्हॅन लावली तर गाडीच्या वाट्याला 2500 उरतात. गाडी स्वतःच 2100 ची. राहिले 400 किलो. त्यातून पुढचा लोखंडी बुलबार वजा करा, मागचा टो-बार वजा करा. मग नवरा-बायको, एक मूल आणि मुंबईहून आलेले आई-बाबा असे पाच जण बसवा. सरासरी 70 किलो धरले तरी 350 झाले. फ्रिज आणि हत्यारांची पेटी ठेवायच्या आधीच हिशेब संपला. जीव्हीएममध्ये जागा शिल्लक दिसते म्हणून माणूस निर्धास्त असतो, पण जीसीएम केव्हाच ओलांडलेला असतो. सुट्टीला कुणी एकटं निघत नाही. घरची माणसं सोबत असतातच. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, आधी माणसं मोजा, मग सामान, आणि उरेल त्या वजनात बसणारी कॅरॅव्हॅन शोधा. आधी कॅरॅव्हॅन पसंत करून नंतर तिला गाडी शोधणं हा उलटा रस्ता आहे आणि शोरूममध्ये सगळे त्याच रस्त्यानं चालतात.

मध्य रेल्वेच्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. आमच्या मुलुंडच्या फलाटावरून कर्जत आणि कसारा लोकल जातात आणि दोन्हींच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे घाट सुरू होतात. बोरघाटाचा लोहमार्ग 1863 साली खुला झाला, थळघाटाचा 1865 साली. दोन्हींचा सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना एक फूट. सपाटीवर सुसाट आलेलं इंजिन त्या चढावर एकटं पुरत नाही, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात आणि मागून बँकर इंजिनं लागतात. डेक्कन क्वीनमधला प्रवासी तेवढ्यात वडे घेतो. 2019 पासून नाशिकमार्गे जाणाऱ्या दिल्ली राजधानीला दोन टोकांना दोन इंजिनं लावली, तेव्हा कसाऱ्याला बँकरसाठी थांबायची गरज उरली नाही. इंजिनानं किती ओढायचं हे रेल्वे त्या मार्गावरच्या सर्वांत कठीण चढावरून ठरवते. उतरताना रोखण्याचीही तिनं सोय केली आहे: ब्रेक न लागलेली गाडी वळवून थांबवायला दोन्ही घाटांत चढत्या कॅच सायडिंग आहेत.

मेलबर्नहून बॅलरॅटला जाताना बॅकस मार्श सोडलं की पेंटलँड हिल्सचा लांब चढ लागतो. तिथं उन्हाळ्याच्या दुपारी, पारा चाळिशीकडे असताना, जीसीएमच्या काठावरची गाडी ओढणं म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाला उकळी आणणं. मागून ढकलायला बँकर येणार नाही. उतारावर तर सगळं वजन आपल्यालाच ढकलत असतं. ऑस्ट्रेलियात 750 किलोंपर्यंतच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक लागत नाहीत. त्यापुढे 2000 पर्यंत निदान एका आसाच्या चाकांना लागतात. 2000 च्या वर सगळ्या चाकांना लागतात आणि हुक तुटला तर आपोआप ब्रेक दाबणारं यंत्रही सक्तीचं आहे. ते ब्रेक गाडीतल्या कंट्रोलरशी नीट जुळवले आहेत का, हे निघण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर पाहिलंच पाहिजे.

आता हुकवरचा भार. इथं लोक सर्वांत जास्त चुकतात आणि इथली चूक सर्वांत महाग पडते. कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के भार गाडीच्या हुकवर यावा, असं ऑस्ट्रेलियात सांगतात. अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के धरतात. बैलगाडीत ओझं मागे पडलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर सुटायला लागतं. ओझं पुढे पडलं की बैलांची मान दबते. कॅरॅव्हॅनचंही तसंच. मागच्या बंपरवर दोन सायकली आणि स्पेअर चाक टांगलं की हुकवरचा भार घटतो आणि शंभरच्या वेगाला, शेजारून ट्रक गेला की कॅरॅव्हॅन शेपटीसारखी हलू लागते. वेग जितका जास्त, तितकं ते हेलकावणं वाढत जातं. एका मर्यादेपुढे ते स्वतःहून थांबत नाही आणि गाडीलाही सोबत घेऊन उलटतं. हेलकावे सुरू झाले तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, चाक सरळ धरा आणि कंट्रोलरवरून फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक हातानं लावा. हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे बायकोलाही आणि मोठ्या मुलालाही, पाठ हवं.

भार पुरेसा असला तरी तो गाडीच्या मागच्या टोकाला लोंबतो हे विसरू नये. पुढच्या आणि मागच्या चाकांत 2.8 मीटर अंतर असेल आणि हुक मागच्या आसामागे 1.2 मीटरवर असेल, तर हुकवरचे 350 किलो पुढच्या चाकांवरचे 150 किलो उचलतात आणि मागच्या आसावर 500 टाकतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंगची आणि ब्रेकची पकड कमी होते. भार पुढे परत आणणारे विशेष हुक मिळतात, पण गाडीची कंपनी ते वापरायला परवानगी देते का, हे आधी मॅन्युअलमध्ये पाहावं. माझं मत असं की लांब चाकांतर असलेली, कॅरॅव्हॅनपेक्षा जड गाडी हाच खरा उपाय. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सांगतात की भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांपेक्षा जड नसावी. इथल्या मापानं तो सल्ला फार सावध वाटतो, पण घरची सगळी माणसं घेऊन जाणाऱ्यानं तो मानावा.

कॅरॅव्हॅनच्या पाटीवरचं रिकामं वजनही जसंच्या तसं धरू नये. बहुतेकदा त्यात पाणी आणि गॅस नसतो. 80 लिटरच्या दोन टाक्या म्हणजे 160 किलो. नऊ किलो गॅसचे सिलिंडर भरल्यावर प्रत्येकी सुमारे 18 किलोंचे असतात, असे दोन. त्यात तंबू, खुर्च्या, बॅटरी, आणि आपल्याकडचा कुकर, पोळपाट, तांदूळ-डाळींचे डबे. रिकामं वजन आणि परवानगी असलेलं भरलेलं वजन यांत 400 किलोंचं अंतर असेल, तर ते आठवडाभराच्या सामानात सहज संपतं. टाक्या मुक्कामाजवळ भरता येतात. जड सामान आसाच्या वर, जमिनीलगत ठेवायचं, वरच्या कपाटांत नाही.

बोरिवलीहून मेव्हण्याचा फोन येतो, "भाऊजी, आपली एसयूव्ही कॅरॅव्हॅन ओढेल का हो?" महाराष्ट्र सरकारनं 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर एकच. मॅन्युअलमध्ये कंपनीनं ट्रेलरचं वजन लिहून दिलं असेल, तेवढंच ओढायचं. लिहिलेलं नसेल तर ओढायचंच नाही, मग वर्कशॉपवाला टो-बार बसवून द्यायला कितीही तयार असो. ट्रेलरला वेगळी नोंदणीही लागते. मुंबईहून देशावर जायला निघालात की कसारा, खंडाळा, माळशेज यांसारखा एखादा घाट वाटेत उभा आहे आणि सोसायटीत गाडी लावायला जागा मिळाली तर ट्रेलरला मिळणार नाही. मुंबईकरानं एकाच सांगाड्यावर बांधलेली मोटर-कॅरॅव्हॅन भाड्यानं घ्यावी, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं आहे.

इथं राहणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. व्हिक्टोरियात साध्या कारच्या परवान्यावर कॅरॅव्हॅन ओढता येते, वेगळी परीक्षा नाही, म्हणून आपली परीक्षा आपणच घ्यायला हवी. मर्यादेबाहेरचं वजन निघालं तर दंड होतोच, अपघातानंतर विमा कंपनी दावाही नाकारू शकते. सार्वजनिक वजनकाटे आहेत, घरी येऊन वजन करून देणारेही आहेत. सगळं सामान भरा, सगळ्यांना, आजी-आजोबांनाही, गाडीत बसवा आणि काट्यावर जा. जोडलेल्या अवस्थेत गाडीचं वजन घ्या, कॅरॅव्हॅनच्या चाकांचं घ्या. मग ती सोडवून एकटीचं घ्या. सोडवल्यावर 2600 आणि जोडलेली असताना चाकांवर 2340 भरली, तर हुकवर 260 आहेत, म्हणजे बरोबर दहा टक्के. चारही आकडे मॅन्युअलमधल्या मर्यादांशेजारी लिहा. एकही ओलांडला असेल तर सामान उतरवा, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर आई-बाबांना दुसऱ्या गाडीतून न्या. डिसेंबरची गर्दी सुरू होण्याआधी, नोव्हेंबरमध्येच हे करून घ्या.