कशासाठी हवंय?

आमच्या पिढीतल्या बहुतेक घरांत वाचनालयाचं कार्ड एकच असे आणि ते वडिलांच्या नावावर. एका वेळी एक पुस्तक, एक मासिक. त्यात आजीची पोथी, आईचं मासिक, दादाची रहस्यकथा आणि माझं काहीतरी असं सगळं बसवायचं म्हणजे घरात पाळ्या लागत, आणि पाळीवरून भांडणंही होत. पण त्याच वाचनालयाच्या एका कोपऱ्यात कार्ड लागतच नसे, कारण तिथलं काही घरी न्यायला मिळत नसे. काचेची दोन कपाटं, दोन्हींना कुलूप. पुस्तकांच्या पहिल्या पानावर तांबडा शिक्का: 'संदर्भ. घरी नेण्यास मनाई.' किल्ली टेबलाच्या खणात आणि टेबलामागे ग्रंथपाल काका.

काकांना आम्ही थोडे वचकून असू. काहीही मागितलं की आधी त्यांचा प्रश्न यायचा, "कशासाठी हवंय?" आम्हाला वाटे, हा भोचकपणा आहे. कपाट उघडायचं, पुस्तक द्यायचं, यांना काय करायचंय कशासाठी ते?

1986 च्या सुरुवातीला हॅलीचा धूमकेतू आला. शाळेच्या भित्तिपत्रकाचं काम माझ्याकडे. मी गेलो आणि ऐटीत म्हणालो, "हॅलीची माहिती द्या."

"कशासाठी?"

"भित्तिपत्रकाला."

"मग हॅली कशाला शोधतोस? विश्वकोशात 'ह' यायच्या आत तुझं लग्न होईल. 'ध' काढ. धूमकेतू."

यातला विनोद कळायला बरीच वर्षं गेली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईला बसून मराठी विश्वकोश सिद्ध करत होते. पहिला खंड 1976 साली आला आणि शेवटचा, विसावा, 2015 साली. माझं लग्न तर झालंच, पण मुलगी अकरावीत गेली तेव्हा कुठे बाराखडी संपली. म्हणजे आम्ही शाळेत होतो तेव्हा विश्वकोश आमच्याबरोबरच वाढत होता. जिथवर तो पोचला नव्हता तिथे सगळी भिस्त श्री. व्यं. केतकरांच्या ज्ञानकोशावर. तो 1920 च्या दशकातला, तेवीस खंडांचा. त्यामुळे आमच्या डोक्यात सुरुवातीच्या अक्षरांचं जग ताजं आणि शेवटच्या अक्षरांचं आजोबांच्या वेळचं, असा प्रकार होता. परीक्षकांना तो कधी कळला नाही.

झेरॉक्स तेव्हा आमच्या गावात पोचलं नव्हतं. दुरेघी वही आणि पेन्सिल. शाईचं पेन काका टेबलाजवळ आणू देत नसत. धूमकेतूची नोंद उतरवता उतरवता डोळा शेजारच्या नोंदीवर जाई. तिथून आणखी पुढे. धूमकेतूसाठी गेलेला मुलगा 'धूप' आणि 'धृतराष्ट्र' घेऊन घरी येई, आणि रात्री जेवताना ते सगळ्यांना ऐकावं लागे.

त्याच्याही तीन वर्षं आधीची गोष्ट. आजोबा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांवर आजीची जन्मतारीख हवी होती. आजीला विचारलं तर ती म्हणे, "मानमोडीच्या साली, कोजागरीच्या आदल्या दिवशी." पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जी तापाची साथ आली तिचं आपल्याकडचं नाव मानमोडी. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन वाचनालयात गेले आणि जुनं पंचांग मागितलं.

"कशासाठी हवंय?"

अण्णांनी सांगितलं. काकांनी चष्मा काढला. "कचेरीसाठी हवी असेल तर माझी जंत्री तिथे चालायची नाही. सरकारी डॉक्टरकडून वयाचा दाखला घ्या. आईसाठी हवी असेल तर बसा."

अण्णा बसले. काकांनी जंत्री काढली, शके 1840 वर बोट ठेवलं, आश्विनावर आणलं, चतुर्दशीला थांबवलं आणि बाजूच्या रकान्यातली 1918 च्या ऑक्टोबरमधली तारीख कागदाच्या कपट्यावर लिहून दिली. दाखल्यावर डॉक्टरांनी अंदाजाने भलतीच तारीख घातली. निवृत्तिवेतन तिच्यावर मिळालं, आणि आजीने तो कपटा देवघरातल्या डबीत ठेवला. पासष्टाव्या वर्षी तिला वाढदिवस मिळाला. पुढे दर वर्षी ती तिथीलाही ओवाळून घेई आणि तारखेलाही.

आईचं मात्र निराळं होतं. आमच्या गल्लीतल्या बायका वाचनालयात जात नसत. मनाई कुणाची नव्हती, पण रिवाज नव्हता. त्या चिठ्ठी पाठवत, 'अमुक लेखिकेचं न वाचलेलं', एवढीच. एकदा आईने माझ्याजवळ चौपदरी घडीची चिठ्ठी दिली. "काकांनाच दे, काउंटरवर नको." वाटेत उघडून वाचणं हा माझा हक्कच होता. लिहिलं होतं: मॅट्रिक होऊन पंधरा वर्षं झालेल्या बाईला घरी बसून बी. ए. ची परीक्षा देता येते का?

काकांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं. मी प्रश्नाची वाट पाहत होतो. आला नाही. "शनिवारी ये," एवढंच म्हणाले. शनिवारी त्यांनी आईच्या नेहमीच्या मासिकात घालून दोन पानं दिली. बाहेरून परीक्षा देऊ देणाऱ्या विद्यापीठांचे पत्ते, शुल्क, अर्जाची मुदत, सगळं त्यांच्या किरट्या अक्षरात. आई बी. ए. झाली तेव्हा मी दहावीत होतो. पेढे घेऊन ती स्वतः वाचनालयात गेली. काकांनी पेढा खाल्ला आणि मासिकाचा दंड चार आणे राहिलाय म्हणाले.

पुढे कळलं की आधी वाचकाला नेमकं काय हवंय ते काढून घ्यायचं, हे ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात रीतसर शिकवतात. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं तर वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलच आहे. आम्हाला मात्र काका वेळ खातात असं वाटायचं.

मग झेरॉक्स आलं, गाइडं आली, इंटरनेट आलं. कपाटं जिन्याखाली गेली आणि त्यांच्या जागी अभ्यासिका झाली. स्पर्धा परीक्षांची मुलं पहाटेपासून कानात बोळे घालून बसतात, आणि वाचनालयाचं विजेचं बिल त्यांच्याच शुल्कातून भरलं जातं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान मिळू लागलं, पण त्या अनुदानावर ग्रंथपालाचं घर चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या ग्रंथांना कुलूप होतं ते आता फुकट आणि उघडे आहेत. विश्वकोश संकेतस्थळावर आहे, केतकरांचा ज्ञानकोशही. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सापडतात. न्यू जर्सीतला माझा भाचा तिथूनच शब्द काढून मला मराठी शिकवतो. यात रडण्यासारखं काही नाही. ते कुलूप मला तेव्हाही आवडत नव्हतं.

2020 साली सगळे घरात कोंडले होते तेव्हा मला आजीची साथ आठवली. मोबाइलवर 'मानमोडी' टाकलं, तर मान आखडल्यावर करायचे सात व्यायाम आले. खाली तेलाची जाहिरात. दोन-तीन दिवस झटून पाहिलं आणि सोडून दिलं.

पुढच्या वर्षी वाचनालय उघडल्यावर गेलो. टेबलामागे तिशीतली एक मुलगी. एका आजोबांना हयातीचा दाखला मोबाइलवरून कसा भरायचा ते दाखवत होती. ओटीपी दुसऱ्यांदा चुकला होता. त्यांच्यामागे एक बाई मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन उभी. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, मानमोडीची माहिती हवी आहे.

"कशासाठी हवंय, काका?"

मला हसूच आलं. तिला वाटलं मी तिला हसलो. सांगितलं, आजीचा जन्म त्या साथीतला, तिच्या आईने ते दिवस कसे काढले असतील ते पाहायचंय.

"मग मानमोडी कशाला शोधताय? ते घरातलं नाव. छापताना इन्फ्लुएंझा म्हणत असतील. 1918 चा ऑक्टोबर काढू." तिने संगणकावर जुन्या वर्तमानपत्राचा अंक उघडला, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि ती शिष्यवृत्तीच्या अर्जाकडे वळली.

अक्षर बारीक, कागद डागाळलेला. साथीचा मजकूर वाचता वाचता डोळा शेजारच्या रकान्यात गेला. तिथे शक्तिवर्धक गोळ्यांची जाहिरात होती, तिच्याखाली दुसरी. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मी तिसऱ्या पानावर होतो.