पदापासून अर्थापर्यंत

‘पदार्थ’ हा शब्द मराठीत तीन घरी नांदतो. स्वयंपाकघरात तो ताटातल्या जिनसेचे नाव असतो. न्याय-वैशेषिकांच्या ग्रंथांत ‘पदाचा अर्थ’, म्हणजे शब्दाने ज्याचा निर्देश होतो ते सारे, एवढा त्याचा विस्तार असतो. आणि विज्ञानाच्या वर्गात, ज्याला वस्तुमान आहे व जो जागा व्यापतो तो पदार्थ, अशी त्याची व्याख्या फळ्यावर लिहिली जाते. या तिन्ही घरांत जाण्यायेण्याची वाट मोकळी असावी, ही अपेक्षा गैर नव्हे. प्रत्यक्षात वर्गात येणारा विद्यार्थी स्वयंपाकघर दाराबाहेर ठेवून येतो. पदार्थाचे भौतिक आणि रासायनिक गुणधर्म हा धडा तो वहीत दोन रकान्यांत उतरवून घेतो. एका रकान्यात रंग, वास, घनता, द्रवणांक, विद्राव्यता. दुसऱ्यात ज्वलनशीलता, गंजणे, आम्लाशी होणारी क्रिया. परीक्षेत हे रकाने जसेच्या तसे परत केले जातात आणि त्यांना गुणही मिळतात. पद हाती येते. अर्थ मात्र वाटेतच राहून जातो.

पद आणि अर्थ यांच्या या ताटातुटीचा विचार करताना मराठी अभ्यासकाला कोलकात्याच्या फोर्ट विल्यमची आठवण व्हावी, यात नवल नाही. या किल्ल्याचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एका विद्यालयामुळे आले. लॉर्ड वेलस्लीने १८०० साली कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी फोर्ट विल्यम कॉलेज काढले. त्याचे वर्ग दीर्घकाळ भरत ते किल्ल्याच्या तटात नव्हे, तर शहरातील रायटर्स बिल्डिंगमध्ये. पण नाव किल्ल्याचेच राहिले. तेथे विल्यम केरी मराठी शिकवू लागला, वैजनाथ पंडित त्याच्या साहाय्याला होते, आणि श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मोडी लिपीच्या खिळ्यांनी छापलेला मराठी शब्दकोश बाहेर पडला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, हुगळीच्या काठी, मराठी शब्दांची अशी मोजदाद झाली.

कोश शब्दाला शब्दाने उत्तर देतो, आणि ते त्याचे कामच आहे. ‘सोरा’ म्हणजे काय असे विचारले, तर तो दुसऱ्या भाषेतला शब्द पुढे ठेवील. परंतु सोरा पाण्यात किती विरघळतो, निखाऱ्यावर टाकल्यास काय करतो, मिठापासून तो वेगळा कसा ओळखावा, हे त्याला सांगता येणार नाही. तेथे पदाची हद्द संपते. याच कॉलेजात १८४१ साली प्रधान पंडित म्हणून रुजू झालेल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पुढे १८५१ साली बंगाली मुलांसाठी ‘बोधोदय’ लिहिले, तेव्हा आरंभीच ‘पदार्थ’ या विषयाला जागा दिली. त्यापूर्वी, १८३४ साली, श्रीरामपूर कॉलेजातील जॉन मॅक यांचे रसायनशास्त्रावरील पुस्तक बंगालीत छापून आले होते. म्हणजे व्याकरण आणि कोश यांच्या पाठोपाठ द्रव्याची विद्याही देशी भाषांच्या दारात आली. शब्द तयार होत होते. प्रश्न होता तो त्या शब्दांमागची वस्तू मुलांच्या हाती देण्याचा, आणि तो आजही पुरता सुटलेला नाही.

ज्या किल्ल्याने कॉलेजाला नाव दिले, तो स्वतः या धड्याचे एक मोठे प्रदर्शनच आहे. १७५६ साली सिराजउद्दौल्याने जुना किल्ला घेतला. प्लासीनंतर, १७५८ साली, मैदानाच्या बाजूला नव्या अष्टकोनी किल्ल्याचे काम सुरू झाले आणि ते सुमारे १७८१ पर्यंत चालले. १७७५ साली तेथे दारूगोळा व शस्त्रसामग्री यांचे मंडळ स्थापन झाले आणि नदीच्या वरच्या अंगाला इशापूर येथे दारूचा कारखाना उभा राहून १७९१ पासून उत्पादन देऊ लागला. त्या काळची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. शंभर भागांत साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. यांतला सोरा बिहारच्या मातीतून येई. गावांतल्या जुन्या भिंती आणि गोठे यांच्या आसपासची माती पाण्यात कालवून, निवळ आटवून तो काढला जाई. साहजिकच त्यात मीठ मिसळलेले असे.

हे मीठ वेगळे कसे करायचे? येथे भौतिक गुणधर्म कामाला येतो. शंभर ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ३२ ग्रॅम सोरा विरघळतो. तेच पाणी उकळते असेल तर जवळजवळ २४६ ग्रॅम. मिठाचे तसे नाही. थंड पाण्यात ते ३६ ग्रॅम विरघळते आणि उकळत्या पाण्यात फार तर ३९. म्हणून गरम पाण्यात दोन्ही विरघळवून द्रावण थंड होऊ दिले, की सोऱ्याचे लांबट स्फटिक तळाशी येतात आणि मीठ बव्हंशी पाण्यातच राहते. विद्राव्यता हा शब्द पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरता असतो, पण बिहारच्या नोनियांनी तो शब्द न उच्चारता पिढ्यानपिढ्या त्याच्यावर पोट भरले. आणि या साऱ्या खटाटोपात सोरा सोराच राहिला. तो विरघळला, पुन्हा गोठला. परंतु त्याची जात बदलली नाही. दारूच्या मिश्रणातही तो सोराच असतो. पाण्याने तो मिश्रणातून पुन्हा बाहेर काढता येतो. ठिणगी पडली, की मात्र तिन्ही घटक नाहीसे होतात. त्यांच्या जागी धूर, वायू आणि पांढुरकी राख उरते. त्या राखेतून पहिला गंधक वेचून काढता येत नाही. सोरा जळणाऱ्याला प्राणवायू पुरवतो हे त्याचे रासायनिक वर्तन आहे, आणि ते पाहायचे तर सोरा गमवावाच लागतो.

या दोन रकान्यांतला खरा भेद येथे दिसतो. काही प्रश्न पदार्थाला तसाच राखून विचारता येतात. काही प्रश्नांचे उत्तर देता देता पदार्थ दुसराच होतो. गुणधर्म म्हणजे पदार्थाच्या अंगावर चिकटवलेली चिठ्ठी नव्हे, तर विचारलेल्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर आहे. हे एकदा ध्यानात आले, की यादी पाठ करण्याचे प्रयोजन उरत नाही. प्रश्न कसा विचारावा हेच शिकावे लागते.

प्रश्न न विचारता नियम पाठ केला, तर तो नियमही खोटा ठरतो. भौतिक बदल उलटवता येतो आणि रासायनिक बदल उलटवता येत नाही, हे वाक्य कितीतरी वह्यांत सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असते. फोर्ट विल्यमसारख्या वास्तूची भिंत त्या वाक्याला गप्प करते. खालच्या बंगालच्या गाळाच्या भूमीत दगड नाही. तेथील इमारती विटांच्या, आणि त्यांना लागणारा चुना सिल्हेटकडच्या चुनखडीतून नदीवाटे येई. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवली, की शंभर भागांपैकी चव्वेचाळीस भाग कर्बवायू होऊन उडून जातो आणि छप्पन भाग कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो फुत्कारतो, तापतो आणि विरतो. हा विरलेला चुना विटांच्या सांध्यांत भरला, की तो वर्षानुवर्षे हवेतला कर्बवायू परत घेत राहतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. जे भट्टीत गमावले ते भिंतीत परत मिळवले. बदल रासायनिक होता, तरी तो उलटला. याउलट दळलेल्या गव्हाचे पीठ पुन्हा दाणा होत नाही, आणि दळण्यात रासायनिक असे काहीच नाही. पानाच्या डब्यातला चुना ज्याच्या घरी आहे, त्या विद्यार्थ्याला याहून मोठी प्रयोगशाळा लागत नाही. चुन्याची निवळ करून तीत नळीने फुंकर घातली, की ती दुधाळ होते. भिंतीचे काम चार क्षणांत डोळ्यांपुढे घडते.

किल्ल्यापासून मैदान ओलांडून उत्तरेला गेले, की कॉलेज स्ट्रीटवर पूर्वीचे प्रेसिडेन्सी कॉलेज लागते. तेथे १८८९ पासून १९१६ पर्यंत आचार्य प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्र शिकवीत होते. त्यांच्या वर्गातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. हाड तीव्र आचेवर पूर्ण जाळून उरलेली पांढरी राख ते विद्यार्थ्यांपुढे ठेवीत, आणि तिची चिमूट स्वतःच्या तोंडात टाकीत. समोर बसलेली मुले बहुतांशी उच्चवर्णीय हिंदू घरांतली. अस्थीचा स्पर्शही ज्यांना स्नानास भाग पाडी, अशी. आता हे हाड नाही, हा मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आहे, एवढेच राय यांना सांगायचे होते. पण ते फळ्यावर लिहून सांगितले असते, तर वहीतल्या रकान्यात एक ओळ वाढली असती, इतकेच. द्रव्य आपला पूर्वेतिहास बाळगत नाही, कोणाच्या शरीरातून आले हे सांगत नाही, सोवळेओवळे जाणत नाही. ते फक्त आपल्या गुणधर्मांनी ओळखले जाते. रासायनिक बदल म्हणजे काय, याचे याहून निर्भय प्रात्यक्षिक क्वचितच कोणी दिले असेल.

हा केवळ वर्गातला चमत्कार नव्हता. १९०२ व १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या दोन खंडांत राय यांनी या देशातील प्रायोगिक विद्येच्या ऱ्हासाची कारणे शोधली. त्यांच्या मते जातिव्यवस्थेने हाताचे काम खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलले आणि विचार करणारा वर्ग वस्तूपासून दूर गेला. मग कारागिराजवळ प्रश्न उरला नाही आणि पंडिताजवळ वस्तू उरली नाही. सोरा काढणारा नोनिया आणि ‘सोरा’ शब्दाचा अर्थ लिहिणारा कोशकार एकमेकांना भेटलेच नाहीत, असेही म्हणता येईल. गुणधर्मांचा धडा तोंडपाठ करून घेणारा वर्ग नकळत तीच जुनी फारकत पुढे चालवीत असतो. म्हणून हा धडा कसा शिकवला जातो, याला परीक्षेतल्या चार गुणांपलीकडचे मोल आहे.

फोर्ट विल्यमच्या नावाचीही अलीकडे अशीच परीक्षा झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सैन्याने या किल्ल्याचे नाव ‘विजय दुर्ग’ असे केले. सेंट जॉर्ज गेटला शिवाजी गेट म्हटले जाऊ लागले. नवे नाव कोकणच्या किनाऱ्यावरील विजयदुर्गावरून आलेले. कोशाच्या दृष्टीने पद बदलले. भिंतीतला चुना मात्र पूर्वीच्याच गतीने कर्बवायू घेत राहिला. आणि योगायोग असा, की ज्या दुर्गाचे नाव येथे आले, त्याचाही पदार्थाच्या गुणधर्मांशी संबंध आहे.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात भारतातून पाहणाऱ्या निरीक्षकांना सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ती तपासली. सोडियमच्या पिवळ्या रेषांजवळची, तरी त्यांच्याशी न जुळणारी. या अनोळखी द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. कोकणात हा शोध विजयदुर्गाशी जोडला जातो. परंतु लॉकियर त्या किल्ल्यावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. पृथ्वीवर हेलियम रॅम्झे यांच्या हाती १८९५ साली लागला, म्हणजे सत्तावीस वर्षे तो केवळ एका भौतिक गुणधर्माने, प्रकाशातल्या एका रेषेने, माहीत होता. हाती आल्यावर कळले, की साध्या परिस्थितीत तो कोणाशीच संयोग पावत नाही. दुसरा रकाना त्याच्यापुरता जवळजवळ रिकामाच. पुढे १९२० साली राय यांचेच विद्यार्थी मेघनाद साहा यांनी ताऱ्यांच्या प्रकाशातील रेषांचा अर्थ त्यांच्या तापमानाशी व दाबाशी जोडून दाखवला. ज्याला हात लावता येत नाही, त्यालाही प्रश्न विचारता येतो. मात्र प्रश्न नेमका असावा लागतो.

शिक्षकाजवळ महागडी उपकरणे असतीलच असे नाही. चुना, तुरटी, साखर, लिंबू, गंजका खिळा आणि एक मेणबत्ती एवढे साहित्य कोणत्याही खेड्यात मिळते. साखर पाण्यात विरघळवून ते पाणी आटवावे आणि साखर परत मिळवावी. मग तीच साखर पळीत करपवावी आणि काय परत मिळत नाही ते मुलांनाच पाहू द्यावे. दोन रकान्यांची नावे त्यानंतर सांगितली तरी उशीर होत नाही. किंबहुना अर्थ आधी भेटला, तर पद आपल्या पायांनी चालत येते, आणि मग ते विसरले जात नाही.