दुसऱ्या भागात नवीन काय?

‘दुसरा भाग’ म्हटलं की आमच्या घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. यावेळी वाद पडला तो मोबाईलवरच्या कोड्यांच्या खेळावरून. (नाक मुरडू नका. बायका फक्त कँडी क्रश खेळतात असं समजणाऱ्यांनी तर मुळीच नको!) एका बाजूला आमचे चिरंजीव, दुसऱ्या बाजूला मी. खेळाचं नाव ‘मॉन्युमेंट व्हॅली’.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लंडनच्या ‘असटू’ या कंपनीने हा खेळ २०१४ साली काढला. आयडा नावाची एक छोटी राजकन्या असते आणि तिला विचित्र इमारतींमधून वाट काढून द्यायची असते. इमारती कशा, तर एशर नावाच्या डच चित्रकाराच्या चित्रांसारख्या. जिना वर जातोय की खाली तेच कळत नाही. एखादा खांब फिरवला की मघाशी लांब असलेले दोन कठडे अचानक जोडलेले दिसतात, आणि दिसतात म्हणून आयडा त्यांच्यावरून चालतसुद्धा जाते. डोळ्यांना खरं वाटलं की ते खरं, एवढाच नियम. राजापुरात पावसाळ्यात लाईट आणि नेट दोन्ही एकदम जातात, तेव्हा बॅटरीत जीव असेपर्यंत चालणारा हा खेळ आमच्या घरात चांगलाच रुजला. चिरंजीव तेव्हा माझ्या मांडीवर बसून बोट फिरवायचे.

पहिल्या भागात दहाच प्रकरणं होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात आठ नवी आली, पण त्यांचे वेगळे पैसे होते. म्हणून कितीतरी लोकांनी रागावून एक-एक तारा दिला. पुढे कंपनीनेच आकडे सांगितले की अँड्रॉइडवर शंभरातले जेमतेम पाच जण पैसे भरून हा खेळ घेतात. म्हणजे ‘नवीन किती देता?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांत पदरचा पैसा घातलेले किती असतात, हाही एक प्रश्नच आहे. असो.

दुसरा भाग २०१७ च्या जूनमध्ये आयफोनवर आला आणि आमच्यासारख्या अँड्रॉइडवाल्यांना नोव्हेंबरात मिळाला. चौदा प्रकरणं. चिरंजीवांचं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि आत्ता परत खेळल्यावरही तेच आहे: “आई, यात नवीन काही नाही. सोपाय. दोन-तीन तासांत संपतो. आणि टोटेम कुठाय?” (टोटेम म्हणजे पहिल्या भागातला एकडोळ्या खांब, आयडाचा दोस्त. तो वरच्या मजल्यावर न्यायचा, मदत करायचा. मुलांचा जीव होता त्याच्यावर. दुसऱ्या भागात तो नाही आणि वाट अडवून ओरडणारे ते काळे कावळेही नाहीत.)

त्याची तक्रार खोटी नाही. कोडी म्हणून पाहिलं तर दुसरा भाग खरंच सोपा आहे. ज्याने पहिला सोडवलाय तो फारसा कुठे अडत नाही. माझं आपलं एक साधं माप आहे. पहिल्या भागात शिकलेलं दुसऱ्या भागात जसंच्या तसं पुरलं, तर तो दुसरा भाग नव्हे, पहिल्याचंच शेपूट. नोकियाच्या ३३१० मधला दुसरा साप आठवतोय ना? तो एका बाजूने बाहेर गेला की दुसऱ्या बाजूने आत यायचा. बदल एवढासाच, पण तेवढ्याने खेळायची पद्धत बदलली. ‘द रूम’ या खेळातही पहिल्या भागात एका पेटीभोवती घुटमळायचं होतं, तर दुसऱ्या भागात (२०१३) एकाच खोलीत तीन-चार ठिकाणी धावाधाव करून इथली किल्ली तिथे लावायची. कँडी क्रशच्या सोडावाल्या भागात बाटल्या फोडल्या की सोडा वर चढतो आणि गोळ्या खालून वर तरंगतात. तेही नवीनच म्हणायचं. नुसत्या पातळ्यांची संख्या वाढवणं मात्र नवीन नाही. ती भाजीत पाणी घालून पंगत उठवण्यातली गत.

मग या मापाने मॉन्युमेंट व्हॅलीचा दुसरा भाग नापास? इथेच आमचं भांडण होतं. पहिल्या भागात आयडा एकटी होती. दुसऱ्यात रो नावाची आई आहे आणि तिच्यासोबत तिची छोटी मुलगी. आपण बोटाने आईला चालवतो. मुलीला चालवत नाही, ती आपणहून मागे येते. मधे कठडा तुटला, दोघींची ताटातूट झाली, तर आईला कुठे न्यायचं हे ठरवताना मुलगी कुठे जाईल याचाही विचार करावा लागतो. पुढे तर मुलगी एकटीच निघून जाते. मग काही प्रकरणं नुसत्या आईची आणि काही नुसत्या मुलीची. जिने तेच, खांब तेच, फिरवायची रीत तीच. पण मला विचाराल तर नियम बदललाय. पहिल्या भागात पडद्यावरचं माणूस बोट लावू तिथे जात होतं. इथे एक माणूस असं आहे की ज्याच्यासाठी सगळं चाललंय, पण त्याच्यावर आपलं बोट चालत नाही.

हे चिरंजीवांना पटत नाही. “ते गोष्टीत नवीन आहे, खेळात नाही,” असं त्यांचं उत्तर. अठरा वर्षांच्या मुलाने हे म्हणावं हे ठीकच आहे. त्याच्या बाजूने तो मागे चालणाराच होता.

यंदा तो पुण्याला निघालाय, इंजिनिअरिंगला. मी जरा हळवी झाले तर सासूबाई म्हणाल्या, “अगो, त्यात नवीन काय? आपल्याकडचं कोण राहिलंय इथे?” बरोबरच आहे त्यांचं. या तालुक्यातल्या घराघरातून माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. आधी बोटीने, मग एस्टीने, १९९८ नंतर कोकण रेल्वेने. त्यांनी स्वतः दोन मुलगे धाडले, त्यातला एकच परत आला. माझ्या वाट्याला आलाय तो या गोष्टीचा कितवा भाग, मोजायलाच नको. कोडं जुनं, उत्तर सगळ्यांना पाठ. पण मला ते पहिल्यांदाच पडलंय.

आमच्या गंगेचंही तसंच. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण हल्ली तिनेही वेळापत्रक सोडलंय. उन्हाळे गावातली तीच चौदा कुंडं, तेच पाणी. जमिनीच्या पोटात पाणी साठतं आणि सायफनसारखं एकदम बाहेर येतं, असं जाणकार सांगतात. तरी ‘गंगा आली’ म्हटलं की मागच्या खेपेला जाऊन आलेलेच परत निघतात. मागच्या खेपेला कडेवर असलेलं पोर या खेपेला आजीचा हात धरून तिला पायऱ्या उतरवतं. नवीन असतं ते एवढंच, आणि ते काही थोडं नसतं.

अर्थात हा युक्तिवाद सगळ्यांना लावून चालणार नाही. गंगा पैसे मागत नाही, खेळवाले मागतात. त्यांनी ‘तुम्ही बदललात ना, मग तेच परत घ्या’ म्हटलं तर मी तरी घेणार नाही. मॉन्युमेंट व्हॅलीचा दुसरा भाग मी घेतला, कारण त्यात बदल करणाऱ्यांनी विचार करून केलाय, फक्त तो कोड्यात नाही, माणसांत केलाय. कोड्यांसाठी घेणार असाल तर चिरंजीवांचं ऐका. पहिलाच पुन्हा खेळा आणि जोडीला ती आठ प्रकरणं घ्या.

तिसरा भाग डिसेंबर २०२४ मध्ये आधी नेटफ्लिक्सच्या सभासदांसाठी आला. त्यात पाणी चढत जातं आणि नावेतून फिरायचं असतं. दर पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात बघणाऱ्यांना त्यात काय नवीन, असं मी म्हटलं, तर चिरंजीव म्हणाले, “खेळल्याशिवाय बोलू नको.” तेही खरंच. तो पुण्याहून दिवाळीला आला की बघू, दोघं मिळून.