पाना उन्हात ठेवून

गेला हिवाळाभर माझ्या रक्तात प्लॅटिनम होतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर मला जी केमो दिली, तिच्यातलं ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध याच धातूचं. त्याचा औषधी गुण सापडला तो योगायोगाने. अमेरिकेत शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू लांबलचक वाढले, पण त्यांचं विभाजन थांबलं. ही करामत विजेची नव्हती, इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनमची होती. 1965 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि पुढे त्यातून औषधांचं एक घराणं उभं राहिलं. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांत धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरमध्येही हा धातू वापरतात. अंगणातल्या माझ्या 1981 च्या प्रीमियर पद्मिनीत असलं काही नाही. आम्हा दोघांत श्रीमंत मीच.

ऑक्झॅलिप्लॅटिनचं थंडीशी वैर. दर दोन आठवड्यांनी छातीतल्या पोर्टमधून ते चढवायचं, मग दुसऱ्या औषधाचा पंप कमरेला लावून 46 तास घरी वावरायचं. पुढचे काही दिवस थंड वस्तूला बोट लागलं की झटका बसे. फ्रिजचं हँडल, स्टीलचा तांब्या, सकाळचं नळाचं पाणी, सगळं परकं झालं. साधं पाणीसुद्धा कोमट करून प्यायचं. आणि नेमकं याच दिवसांत मी ती जुनी गाडी खोलायला घेऊन लोखंडाला हात घातला होता.

त्यामुळे काम उन्हाच्या वेळापत्रकाने चाले. डिसेंबरात कोल्हापूरची सकाळ गार असते. तुळशीच्या कट्ट्याशेजारी पोतं अंथरून त्यावर पाने मांडायचे आणि ऊन त्यांच्यावर येईपर्यंत चहा घेत बसायचं. बारके रिंगपाने लवकर तापतात. मोठा पाइपपाना बराच वेळ आतून गार राहतो, जॅक तर दुपारपर्यंत दाद देत नाही. कॉलेजात मी मुलांना उष्णतेचा धडा शिकवत आलो. पण धातूत ऊब कशी हळूहळू मुरते, हे कळायला त्या पोत्याजवळ बसावं लागलं. हातमोजे घालून पाना उलटायचा, मनगट टेकवून पाहायचं, मग बोट लावायचं. आजारपणात वेळ जाता जात नाही म्हणतात. पाने तापायची वाट बघताना तो कधी जड झाला नाही.

गाडीला घरात सगळे फियाटच म्हणतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनू लागली आणि 1974 पासून ती पद्मिनी झाली. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे तिघं मावतील असं सलग सीट. मुंबईतली या जातीची शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. ती बातमी वाचली त्याच सुमारास आमच्या गाडीवरची ताडपत्री मी काढली होती. आजाराचं तेव्हा नावही नव्हतं.

नवे सुटे भाग मिळणं कठीण. पण शिवाजी उद्यमनगर जवळ असलेल्या माणसाने त्याची फार काळजी करू नये. तिथे नमुना हातात घेऊन फिरलं की कुणीतरी लेथवर तसाच करून देतो. परदेशी कॅमेऱ्यावाचून अडलं तेव्हा बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला होता. ती खोड अजून इथल्या हवेत आहे. इंजिनाचा बोअर, क्रँकचं ग्राइंडिंग ही जड कामं तिकडे झाली. घरी उरलं ते सोडवण्याचं, धुण्याचं आणि जोडण्याचं. त्याला सोबतीला एक मिस्त्री येत.

पांढऱ्या पेशी उतरलेल्या असत त्या दिवसांत मिस्त्री मला गंजलेल्या पत्र्याच्या आसपासही फिरकू देत नसत. "सर, आज तुमी निसतं बगायचं," म्हणत आणि पुसून ठेवलेल्या बोल्टांचा डबा लांबूनच दाखवत. रक्ताचा रिपोर्ट त्यांनी कधी मागितला नाही. मी जिना कसा उतरतो यावरून ते कामाची वाटणी करत.

केमो संपली, थंडीचा झटका गेला. बधिरता मात्र नंतरच वाढली. औषध बंद झाल्यावरही काही महिने ती वाढू शकते, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. बोटांची टोकं जणू दुसऱ्या कुणाची झाली. शर्टाचं बटण लागेना, मग नट कुठून लागणार? आट्यात आटा बसला का, हे बोटाला कळतं, तेच बंद. मिस्त्रींनी तोड सांगितली. नट आधी उलटा फिरवायचा. आट्याची सुरुवात आली की तो बारीकसा 'टक्' करून खाली बसतो. तेव्हा थांबायचं आणि मग सुलटा फिरवायचा. आवाज ऐकायचा, बोटावर भिस्त ठेवायची नाही.

टॅपेट लावणं त्याहून अवघड. झडपेच्या टोकाशी केसाएवढी फट ठेवायची असते. तिच्यात फीलर गेजचं पातं सरकवायचं आणि किंचित ओढ लागली की फट बरोबर. ही ओढ मला लागेना. तेव्हा दोन पाती घेतली, एक मापापेक्षा जरा पातळ, एक जरा जाड. पातळ जायला हवं, जाड अडायला हवं. दोन्ही झालं म्हणजे फट त्यांच्या मधे कुठेतरी आहे. नेमकी किती, ते कळत नाही, आणि इंजिनाला तेवढ्याने चालतं.

आठही झडपा अशा लावताना मला माझे रिपोर्ट आठवले. स्कॅनमध्ये काही दिसत नाही, रक्तातला मार्कर मर्यादेत आहे. डॉक्टर एवढंच सांगतात, त्यापुढे बोलत नाहीत. मला सुरुवातीला त्याचा राग येई. बरा झालो की नाही, एक शब्द द्या ना! आता तो हट्ट सुटला आहे. इकडची हद्द माहीत आहे, तिकडची माहीत आहे, मधल्या फटीत चालण्यापुरती जागा आहे.

भेटायला येणारे म्हणतात, गाडी नवी झाली, तुम्हीही तसेच व्हाल. मी हसतो. सिलिंडर झिजला तर बोअर वाढवून मोठ्या मापाचा पिस्टन घालता येतो. काढलेल्या आतड्याला मोठं माप मिळत नाही. गाडीकडून मी तसली आशा कधी मागितली नाही. तिने मला हॉस्पिटलच्या कॅलेंडराशेजारी टांगायला दुसरं कॅलेंडर दिलं, आणि त्यात मंगळवारी काय करायचं हे मी ठरवत होतो.

इंजिन चालू झालं आहे. पण नव्याने बांधलेलं इंजिन लगेच ताणायचं नसतं. हजार किलोमीटर सावकाश, मग हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे, टॅपेट पुन्हा पाहायचे. "तवर घाट न्हाई," मिस्त्रींनी बजावलं आहे. म्हणून सध्या फुलेवाडीच्या सपाट रस्त्यावर आमच्या फेऱ्या चालतात, आणि पन्हाळ्याला गाडी कोण नेणार यावरून घरात भांडण आहे. बायकोचं म्हणणं, "अहो, तुम्हाला गिअर पडला की नाही तेच कळत नाही." मी म्हणतो, ऐकू येतो की! ती म्हणते, घाटात मी बोलत असेन, तेव्हा नाही येणार.