इमान आणि कडी

'आमच्या अंगणात कुत्रा आणि कोंबड्या एकत्र राहतात' असं हॉस्टेलवर सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती दिवस?" प्रश्न बरोबरच आहे. आमच्या मोत्याने पहिल्याच आठवड्यात एक तलंग मारली होती!

माझं आजोळ जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म इथलाच. पण माझ्यासाठी गाव म्हणजे आजीचं अंगण, खुराडं आणि दहा-बारा गावरान कोंबड्या. कॉन्व्हेंटमध्ये मी 'हेन' आणि 'चिक' एवढंच शिकले. खुडूक, तलंग, डालगं हे शब्द आजीने शिकवले. अंड्यांचे पैसे तिचे स्वतःचे, त्यांचा हिशोब कुणी विचारत नाही. त्यामुळे तलंग गेली तेव्हा नुकसान तिचंच झालं. शेजारी म्हणाले, "तोंडाला रक्त लागलं, आता लांब सोडून या त्याला." वर्षभराच्या मोत्याला कुठल्या तरी रस्त्यावर सोडायचं? माझ्या तर पोटात गोळाच आला. शेवटी आजी म्हणाली, "तुझी सुट्टी हाय तवर बघू माय. सुधरलं तर राहील."

म्हणजे हातात एक महिना!

मोत्या काही दुष्ट नव्हता. कुत्रा लांडग्याच्या कुळातला. बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं ही त्याची जन्मजात साखळी. फडफडत पळणारी कोंबडी दिसली की ती सुरू होते आणि प्रत्येक पाठलागाने पक्की होते. नंतर दिलेला मार कशाबद्दल आहे हे त्याला कळतही नाही. म्हणून पाठलाग सुरूच होऊ द्यायचा नाही, हे मी ठरवलं.

रोज सकाळी आधी शेतापर्यंत फेरी, म्हणजे अंगातली मस्ती जिरते. मग कोंबड्या जाळीत आणि मोत्या दोरीला, जिथून त्या दिसतील पण तो ओढणार नाही इतक्या अंतरावर. त्याने नजर काढून माझ्याकडे पाहिलं की भाकरीचा तुकडा. टक लावली की दोन पावलं मागे. अंतर रोज थोडं कमी. तिसऱ्या आठवड्यात कोंबड्या मोकळ्या, दोरी मात्र माझ्या हातात. पिल्लं तेवढी वेगळीच ठेवली. ती पळतात, चिवचिवतात, आणि खुडूक आई अंगावर धावून येते ती वेगळीच!

हे काही नवीन नाही. आपल्याकडे धनगरांचे कळप शेतात बसतात, तेव्हा त्यांचे कुत्रे कोकरांशेजारी निवांत झोपलेले असतात. लहानपणापासून मेंढ्यांतच वाढल्यामुळे त्यांना मेंढी म्हणजे घरचीच वाटते. ऑस्ट्रेलियात वॉर्नाम्बूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचं बेट आहे. ओहोटीला कोल्हे तिथे पोचून छोट्या पेंग्विनांना मारत. २००५ मध्ये दहासुद्धा उरले नव्हते. ॲलन मार्श या शेतकऱ्याचे मरेम्मा जातीचे कुत्रे त्याच्या कोंबड्या राखत. त्याच्या कल्पनेवरून २००६ पासून बेटावर असेच कुत्रे नेमले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. त्यावर २०१५ मध्ये 'ऑडबॉल' हा सिनेमाही आला. अर्थात मरेम्मा पिढ्यान् पिढ्या राखणीसाठीच निवडलेली जात. आमचा मोत्या साधा गावठी, त्याच्याकडून राखणीची अपेक्षा नव्हती. त्याने दुर्लक्ष केलं तरी पुरे!

आणि त्याने केलं. सुट्टीच्या शेवटी कोंबड्या त्याच्या शेपटीजवळ दाणे टिपायच्या आणि तो जांभई द्यायचा. मोत्या राहिला.

तरी खुराड्याचं कामही आम्ही केलंच. कोंबडीजाळीची पातळ तार कुत्रा दातांनी फाडू शकतो, म्हणून वेल्डमेश लावली. खालून उकरू नये म्हणून ती फूटभर जमिनीत पुरली. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत येतात, मग दाराला कडी. घरात कुणी नसेल तेव्हा मोत्या आणि कोंबड्या वेगळे, आजही.

"एवढा शिकवलास, मग कडी कशाला?" असं मामाने विचारलं. आपण मशीनला इमर्जन्सी स्विच लावतो तो ऑपरेटरवर विश्वास नाही म्हणून नव्हे. एखाद्या दिवशी काहीही होऊ शकतं म्हणून लावतो. कडीने कोंबडी वाचते आणि मोत्याचं घरही वाचतं. तुमच्या घरी असं अंगण असेल तर कुत्र्याला जरूर शिकवा, पण कडी आधी बसवा.