चौथा प्रश्न

मंडळी, गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर सोलर बसलं. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण तेच तीन प्रश्न विचारतो. खर्च किती आला, सबसिडी किती मिळाली, आता बिल किती येतं? पुण्याच्या भाच्याने तर फोनवरच सगळे आकडे लिहून घेतले. तीन किलोवॅट, पॅनल सहा, सबसिडी ७८ हजार.

चौथा प्रश्न कुणीच विचारत नाही. खरं सांगायचं तर मीही तो आधी विचारला नव्हता. वर चढून तारा जोडणारा माणूस कोण होता, आणि तो हे काम कुठे शिकला होता?

२०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली. देशभरात एक कोटी घरांवर सोलर बसवायचं उद्दिष्ट. आम्ही खामगावकर म्हणजे घाटाखालचे लोक, उन्हाला इथे काय तोटा? सौ. म्हणाली, "आयुष्यभर या उन्हाने भाजलं, आता थोडं कामाला लावू त्याला." झालं. एका फर्मशी बोलणं केलं. फर्म सरकारी पोर्टलवर नोंदलेली होती, कागदपत्रं चोख होती. मी निर्धास्त झालो.

काम करायला दोन पोरं आली आणि दीड दिवसात सगळं उरकून गेली. मी खालून दोनदा चहा पाठवला, एवढीच माझी देखरेख.

दोन दिवसांनी कूलरची मोटर बघायला माझा एक जुना विद्यार्थी आला. गावात वायरिंगची, पंपाची कामं करतो. हात अगदी सोन्याचा. सोलर बघायचं म्हणून वर गेला आणि बराच वेळ खाली आलाच नाही. आला तो चेहरा पाडून.

"सर, हे नीट नाही जी. वायर उघडी स्लॅबवर पडली हाय, पाईप नाही. कनेक्टर दोन जातीचे एकमेकात कोंबले. अन् अर्थिंगचा खड्डा एकच केला."

मग म्हणाला, "तुम्ही म्हणत असान तर मी करून देतो. पैसे नका देऊ."

मी विचारलं, "तुझ्याकडे वायरमनचं लायसन आहे का रे?"

तो खाली बघत म्हणाला, "नाही जी. ते कागद नाही मह्याजवळ."

मी नको म्हटलं. तो काही बोलला नाही, पाना उचलून कूलरकडे वळला. त्याचा तो चेहरा मला रात्रभर दिसत राहिला.

त्या फर्मला फोन केला. "काम करणाऱ्याचा परवाना दाखवा," म्हटलं, तर उत्तर मिळालं, "सर, लायसनवाल्याची सही फाईलवर आहे ना!" म्हणजे सही करणारा एक आणि गच्चीवर चढणारा दुसराच. मी मागे लागलो, तेव्हा आठवड्याने एक परवानाधारक तरुण आला. आयटीआय केलेला, शिवाय सूर्यमित्र प्रशिक्षण घेतलेला. हे प्रशिक्षण गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने २०१५ मध्ये सुरू झालं. दहावीनंतर आयटीआय केलेल्यांसाठी तीन महिन्यांचं, ६०० तासांचं.

त्या दिवशी मी माझ्या विद्यार्थ्यालाही बोलावून घेतलं. तो तरुण काम करता करता समजावत होता आणि आम्ही दोघं विद्यार्थ्यासारखे ऐकत होतो. एकेक पॅनल पन्नासेक व्होल्टचं. सहा एकापुढे एक जोडले की तीनशेच्या आसपास जातात. घरातली वीज एसी, ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून ठिणगी पडली तरी विझायची शक्यता असते. पॅनलची वीज डीसी. ती शून्यावर येतच नाही, त्यामुळे सैल जोडातली ठिणगी पेटत राहते आणि आग लागू शकते. आणि मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनल वीज करतच राहतात. सूर्याला कुठलं बटण? त्याने कनेक्टर बदलले, वायर पाईपात घातली, डीसी, एसी आणि वीजरोधक असे तीन अर्थिंग वेगवेगळे करायला लावले आणि प्रत्येकाचं माप मीटर लावून घेतलं.

दोष माझ्या विद्यार्थ्यानेही अचूक ओळखले होते. पण परतताना तो म्हणाला, "सर, चूक मले दिसली, पण ती काऊन चूक हाय ते त्याले सांगता आलं. मले नाही."

मंडळी, नियम काही नवा नाही. १९५६ च्या वीज नियमांतही होता आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांतही आहे. दिवा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर कंत्राटदाराला परवाना हवा, देखरेख करणाऱ्याकडे सक्षमतेचं प्रमाणपत्र हवं आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडेही परवाना हवा. कागदाने हात शिकत नाही, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. पण कागदामागे कुणीतरी परीक्षा घेतलेली असते, आणि उद्या काही झालं तर जबाब कुणाला विचारायचा हे त्यावर लिहिलेलं असतं.

आता मनातलं सांगतो. २००२ साली या मुलाचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. मुलगा नववीत होता, मी वर्गशिक्षक. त्यांना अडवायला हवं होतं. मी म्हणालो, "हातात कला आहे पोराच्या, कुठेही पोट भरेल." पोट भरलं त्याचं, खोटं नाही. पण ज्या कागदासाठी मी त्याला माझ्या गच्चीवर नको म्हटलं, त्याची वाट मीच तेव्हा सोपी वाटेल म्हणून बंद होऊ दिली होती. न बघता सही करणाऱ्या त्या लायसनवाल्याला नावं ठेवताना मला माझी ती सही आठवली.

मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, त्यानंतर आयटीआयची वाट मोकळी होते, हे समजावलं. तो हसला. "सर, ह्या वयात? पोरगी हासन मले." मी म्हटलं, "हसू दे. गणित मी घेतो, इंग्रजी तिला घेऊ दे."

अजून हो म्हणाला नाही. पण परवा मोटर दुरुस्त करायला आला, तेव्हा जाताना विचारून गेला, "सर, नववीचं गणिताचं पुस्तक हाय का घरी?"

असो. भाच्या, तू तिकडे सोलर बसवशील तेव्हा आधी चौथा प्रश्न विचार. आणि सही करणाऱ्यालाच गच्चीवर चढायला लाव.